शेरा

पंखा दोनवर ठेवते, म्हणजे कागद उडत नाही.
विश्रामबाग, दुसरा मजला, साडेअकरा.
पार्श्व चौगुले, इयत्ता तिसरी, समडोळी.
शाळेची चिठ्ठी सोबत आहे:
‘हुशार आहे पण आळशी. अक्षर लागत नाही.’
आळशीखाली दोन रेघा. दोन्ही अगदी सरळ.

खुर्ची उंच, त्याचे पाय अधांतरी.
पायाखाली दोन जाड डिरेक्टऱ्या सरकवते
तर तो गुडघे छातीशी ओढून घेतो.
“पुस्तकाला पाय लागतोय.”
खरंच की.
नऊ वर्षं इथं बसतेय मी, आणि माझ्या डोक्यात नाही आलं.
खालच्या डोसेवाल्याकडून पाट मागवला.

अंगठा बोटांवरून पार पलीकडे गेलेला,
पेन्सिल पळून जाईल म्हणून कडी घालावी तसा.
नखं पांढरी. जीभ ओठांच्या कोपऱ्यात.
डावा हात मांडीखाली दडलेला,
कागद धरायला कुणी नाही,
म्हणून कागदच फिरतो, आणि त्याच्यामागे मान.
हे सगळं मी लिहून घेते. मला याचेच पैसे मिळतात.

माझ्याकडचा तक्ता परदेशात बनलेला.
तिथली अक्षरं रेघेवर बसतात;
बसली की नाही, एवढंच मोजायचं.
आपली लोंबकळतात,
दोरीवरच्या धुण्यासारखी, वरच्या एका रेघेला.
त्या रेघेला रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं आखून घेतलाय:
शिरोरेषा. आधी, नंतर, नाही.

पार्श्व आधी ओढतो. अख्ख्या ओळीची, एका दमात,
आणि मग एकेक अक्षर
खाली बांधायला घेतो.
मिनिटाला अकरा.
भ चा म होतो.
‘घर’ लिहायचं असतं, होतं ‘धर’,
आणि खरोखरच तो आणखी घट्ट धरतो.

शेवटी नाव आणि गाव.
समडोळीतल्या ळ ला दोन पोटं,
एक जमतं, दुसरं निसटून ओळीबाहेर जातं.
खोडतो. पुन्हा. खोडतो.
तिसऱ्यांदा कागद तिथंच फाटतो.
“दुसरं गाव लिहिलं तरी चालेल,” मी म्हणते.
तो माझ्याकडे असं बघतो
जसं मी काहीतरी चोरायला सांगितलंय.

मग संमतीपत्र. आई पुढे येते, राजमती,
पदर सावरल्यासारखं करून हात झाकते.
पण झाकलेल्या हातानं सही कशी होणार?
अंगठा बोटांवरून पार पलीकडे.
नखं पांढरी.
आधी वरची रेघ.

“बाईंनी लई पट्ट्या मारल्या, इथं,”
ती सांध्यांवर बोट ठेवते, हसते.
“सुटली नाही सवय. शाळाच सुटली.”
माझं घड्याळ बंद करायचं राहिलं होतं.
पाच अक्षरांची सही:
चव्वेचाळीस सेकंद.
तक्त्यात पालकांसाठी रकाना नाही.
समासात जागा होती. नाही लिहिलं.

पार्श्व चप्पल शोधत विचारतो, “पास का?”
“इथं पास नसतंय रे.”
“मग नापास?”
“तेही नसतं.”
“मग शाळेत काय सांगू?”
हा प्रश्न मला परीक्षेत आला नव्हता.
“पाट मागितलाय म्हणून सांग,” मी म्हणाले,
आणि ती दोघं पावणेएकची गाडी धरायला
जिना उतरून गेली.

आता शेरा लिहायचा.
पान उलटते, खालचं कोरं पान घेते, तिरपा उजेड त्यावर पडतो
आणि दिसतं,
तिथं आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय.
शाई नाही, शिसं नाही, नुसता दाब.
लांबलचक रेघ, तिला टांगलेलं गाव,
तीन वेळा खोडलेला ळ, एकावर एक,
आणि खाली कोपऱ्यात जरा पुसट,
तिची सही.
बोट फिरवलं तर लागते.

पेनाचं टोपण काढलेलंच आहे.
खालून डोशाचा वास येतोय.
पुढचं मूल सव्वाला.